हीरो इंडियन ओपनवर पैज: भाव कसा ठरतो आणि कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नऊ वर्षं इंग्लंडमध्ये राहतो. रविवारी गोल्फ खेळतो, हँडिकॅप १४ आहे, म्हणजे हौशी म्हणून बरा. गुरुग्रामला हीरो इंडियन ओपन ही गोल्फची स्पर्धा असली की आपल्या खेळाडूंवर थोडे पौंड लावतो आणि दर वेळी घालवतो. खेळ मला कळतो, मग चुकतं कुठे? शिवाय पुण्यातला माझा धाकटा भाऊ म्हणतो, तुझ्या खात्यावरून माझेही लाव. लावू का?"

धाकट्याचं आधी सांगतो. लावू नका. महाराष्ट्रात घोड्यांच्या शर्यतींना कायद्याने जी सवलत आहे, ती गोल्फला नाही. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही आहेच. त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. इंग्लंडमधल्या बेटिंग कंपन्यांच्या अटींतही दुसऱ्याच्या वतीने पैज लावणं बसत नाही. लक्षात आलं की खातं गोठवतात आणि आतले पैसे सोडवता सोडवता महिने जातात. भाऊ रुसला तर रुसू दे.

आता तुमचं. मी अकरा वर्षं लंडनमध्ये एका बेटिंग कंपनीच्या गोल्फ टेबलवर भाव काढायचं काम केलं. आता नोकरी सोडून स्वतःच्या पैशाने लावतो. म्हणजे भाव देणारा आणि भाव घेणारा, दोन्ही बाजूंनी मी बसलो आहे. त्यावरून सांगतो, तुमचा प्रश्नच चुकीच्या जागी सुरू होतो. तुम्ही स्वतःला विचारता, "कोण जिंकेल?" टेबलवर हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नाही. तिथला प्रश्न असायचा, "याची शक्यता किती, आणि तिच्या मानाने भाव किती?" खेळ कळणाऱ्या माणसाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर फार लवकर सापडतं, आणि मग तो दुसऱ्याकडे वळतच नाही.

गोल्फमध्ये हा फरक इतर खेळांपेक्षा जास्त टोचतो. कारण सांगतो. व्यावसायिक खेळाडूचा एका फेरीचा स्कोअर त्याच्या सरासरीच्या आजूबाजूला साधारण पावणेतीन ते तीन फटक्यांनी खाली-वर होतो. चार फेऱ्या मिळून हे हेलकावे चौपट नव्हे, दुप्पट होतात, म्हणजे साडेपाच ते सहा फटके. आता असा खेळाडू घ्या जो त्या आठवड्यातल्या सरासरी स्पर्धकापेक्षा फेरीमागे दीड फटक्याने सरस आहे. इंडियन ओपनमध्ये असा माणूस पहिल्या दोन-तीन दावेदारांत धरला जाईल. चार दिवसांत त्याच्या कौशल्याची कमाई किती? सहा फटके. म्हणजे त्याचं कौशल्य आणि त्याच्या आठवड्याचं नशीब एकाच मापाचं आहे, आणि समोर दीडशेच्या आसपास माणसं आपापलं नशीब घेऊन उभी आहेत. त्यातल्या कुणा एकाचा आठवडा तरी सोन्यासारखा जाणारच. म्हणून सगळ्यांत तगड्या दावेदाराचीही शक्यता सात ते दहा टक्क्यांच्या वर माझ्या हिशेबात क्वचितच गेली. क्रिकेटच्या सामन्यात दोन संघ असतात, तिथे "मला वाटतं हा जिंकेल" एवढ्यावर थोडंफार निभावतं. इथे नव्वद टक्के वेळा तुमचा माणूस हरणार, तो कितीही चांगला असला तरी.

इंडियन ओपन जिथे होते त्या गुरुग्रामच्या डीएलएफ क्लबच्या गॅरी प्लेअर कोर्सवर ही उलथापालथ आणखी वाढते. २०१७ पासूनचे विजेते बघा. त्या वर्षी एसएसपी चौरसियाने सात फटक्यांच्या फरकाने जिंकली, दहा अंडर, म्हणजे पारपेक्षा (कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा) दहा कमी. पुढच्या वर्षी मॅट वॉलेस आणि अँड्र्यू जॉन्स्टन अकरा अंडरवर बरोबरीत आले आणि प्लेऑफमध्ये वॉलेस जिंकला. २०२४ मध्ये जपानच्या केइता नाकाजिमाने सतरा अंडर मारून चार फटक्यांनी जिंकली. आणि २०२५ मध्ये त्याच कोर्सवर स्पेनचा युजेनियो चाकारा फक्त चार अंडरवर विजेता ठरला. एका वर्षात तेरा फटक्यांचा फरक! कोर्स तोच, पण रफ (कडेचं उंच गवत) किती वाढू दिलं आहे, भोकाभोवतीच्या हिरवळी किती कडक आहेत, झेंडे कुठे रोवले आहेत आणि वारा कसा वाहतो, यावर स्पर्धेचा स्वभावच बदलतो. सतरा अंडरच्या आठवड्यात बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) मारणारा हवा. चार अंडरच्या आठवड्यात खड्ड्यातून, गवतातून पार वाचवणारा हवा. या दोन आठवड्यांचे भाव वेगळे असायला हवेत. ते बरेचदा वेगळे नसतात, कारण भाव सोमवारी लागतात आणि रफ किती आहे हे मंगळवारी सराव करणारे खेळाडू बोलू लागले की कळतं. माझ्या कमाईचा मोठा भाग या एका दिवसाच्या अंतरातून आला आहे.

२०१९ ची गोष्ट तर मी नव्या मुलांना मुद्दाम सांगायचो. स्टीफन गॅलाकर, वय ४४, बॅग उचलायला त्याचा मुलगा जॅक. शेवटच्या दिवशी सातव्या होलवर त्याने पार चारवर आठ मारले, म्हणजे चार फटके एका होलवर गेले. त्याच्या जिंकण्याच्या शक्यतेवर काट मारायचा क्षण असेल तर तो हाच होता. मग शेवटच्या तीन होलवर त्याने तीन बर्डी मारल्या आणि मासाहिरो कावामुराला एका फटक्याने मागे टाकलं. ज्या कोर्सवर शेवटी जिंकणारा माणूसही एका होलवर चार फटके घालवू शकतो, तिथे तीन-चार फटके मागे असलेला माणूस आपण समजतो त्यापेक्षा बराच जिवंत असतो. आघाडीवरच्या माणसाचा भाव शनिवारी रात्री फार आक्रसलेला असतो. डीएलएफवर मी तो घेत नाही.

आता कंपनीचा वाटा कुठे लपतो ते बघा. एकाला आठ भाव (एक लावला तर आठ नफा) म्हणजे ९ मध्ये १, साधारण ११ टक्के शक्यता. एकाला चाळीस म्हणजे ४१ मध्ये १, साधारण अडीच टक्के. यादीतल्या प्रत्येक नावाची अशी टक्केवारी काढून बेरीज करा. न्याय्य भाव असते तर ती १०० आली असती. गोल्फच्या विजेत्याच्या यादीत ती १३० ते १५० सहज भरते. १४० धरली तर तुम्ही १४० पौंडांत जे विकत घेता त्याची खरी किंमत १०० आहे, म्हणजे लावलेल्या प्रत्येक पौंडातले जवळजवळ २९ पेन्स खेळ सुरू व्हायच्या आधीच गेले. शिवाय हा वाटा सगळ्यांवर सारखा पसरलेला नसतो. दावेदारांवर थोडा, आणि तळाच्या नावांवर भरमसाट. ज्याची खरी शक्यता दोन हजारांत एक, त्याला एकाला पाचशे भाव लावून ठेवायचा. तुम्हाला पाचशे हा आकडा मोठा दिसतो; आम्हाला त्यात पाऊण रक्कम आपली दिसायची.

तिघांच्या गटात कोण कमी फटक्यांत फेरी संपवेल, याला थ्री-बॉल म्हणतात. तिथे भाव असे असतात: ८ ला १३, ४ ला ७, १ ला २. टक्केवारी ३८, ३६ आणि ३३, बेरीज १०८ च्या आत. वाटा सात टक्के. एवढा कपातीचा फरक असताना नवशिक्या माणूस विजेत्याच्या यादीकडेच का धावतो, हे मला मनापासून वाईट वाटायला लावणारं आहे, कारण त्याला हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो.

ईच-वेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लावत असणार. पुण्याच्या रेसकोर्सवर विन-प्लेस खेळतात तोच प्रकार. १० पौंड ईच-वे म्हणजे २० पौंड: दहा जिंकण्यावर, दहा पहिल्या पाचांत येण्यावर, आणि पाचांत आला तर भावाचा पाचवा हिस्सा. एकाला चाळीसवाला तिसरा आला तर जिंकण्याचे दहा गेले, उरलेल्या दहावर एकाला आठ, म्हणजे ९० हातात. आता मेख. तो चौथ्या क्रमांकावर पाच जणांत बरोबरीत आला असेल, तर पैसे मिळणाऱ्या जागा उरल्या दोन आणि माणसं पाच. तुमच्या दहातले चारच पौंड धरले जातात. त्यावर ३२ अधिक ते चार, एकूण ३६. नव्वदचे छत्तीस झाले, आणि गोल्फमध्ये अशा बरोबऱ्या दर आठवड्याला होतात. २०२४ ला आपला वीर अहलावत दुसऱ्या क्रमांकावर तिघांत बरोबरीत होता. पाच जागांच्या ईच-वेत तिघेही पूर्ण पैशाला पात्र, कारण दुसरा, तिसरा, चौथा सगळे पाचांच्या आत. पण "पहिल्या तिघांत" अशी पैज लावली असती तर दोन जागा, तीन माणसं. दोन तृतीयांशच रक्कम धरली गेली असती. पैज लावण्याआधी किती जागा आणि भावाचा चौथा हिस्सा की पाचवा, हे वाचा. आठ जागा देणारी कंपनी बहुतेक वेळा मूळ भाव खाली ओढून ते वसूल करते.

आता तुमच्या मर्माला हात घालतो: आपले खेळाडू.

२०१८ चा शुभंकर शर्मा आठवा. मेक्सिकोच्या जागतिक स्पर्धेत तीन दिवस संपल्यावर तो आघाडीवर होता, शेवटी पहिल्या दहांत आला. लगेच पुढच्याच आठवड्यात गुरुग्राम. अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून उतरला, दुसऱ्या दिवशी ६४ मारले, तिसऱ्या दिवसाअखेर पुन्हा आघाडीवर. शेवटच्या दिवशी ७५ गेले आणि तो सातव्या क्रमांकावर बरोबरीत राहिला. खेळ म्हणून ती दोन आठवड्यांची कामगिरी डोळ्यांत पाणी आणणारी होती. पैज म्हणून मात्र तुम्ही रविवारी सकाळी जो भाव घेतला असता त्यात त्याचं कौतुक, बातम्या, घरचं मैदान, सगळं आधीच मिसळलेलं होतं. आमच्या टेबलवर तर नियमच होता की ज्या नावावर भावनेचा पैसा येतो, त्याचा भाव आधीच थोडा आक्रसून ठेवायचा. तुमच्यासारखे लेस्टरपासून हाउन्सलोपर्यंतचे भारतीय ग्राहक मार्चमध्ये कुणावर लावणार, हे आम्हाला माहीत होतं.

पण याचा अर्थ भारतीयांना सोडून द्या असा नाही. उलट तुमचा खरा फायदा तिथेच आहे, फक्त वेगळ्या पैजेत. भाव काढणारं मॉडेल खेळाडूंची तुलना एकाच मैदानात एकत्र खेळल्यावरच नीट करू शकतं. आपल्या पीजीटीआयवर, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक गोल्फच्या मालिकेत, खेळणारी पंचवीस-तीस मुलं वर्षभर आपसांत खेळतात. युरोपियन खेळाडूंशी त्यांची गाठ वर्षातून एकदोनदाच पडते. त्यामुळे त्यांचा आपसांतला क्रम मॉडेलला अंधुक दिसतो, आणि आम्ही तो घाईत लावायचो. कोण दिल्लीत वाढला, कोण डीएलएफवर रोज सराव करतो, कोणाची चिपिंग (हिरवळीजवळचे आखूड, उचलते फटके) त्या उतारांवर चालते, हे लंडनच्या टेबलवर कुणाला ठाऊक? "सर्वोत्तम भारतीय" ही पैज आणि दोन भारतीय एका गटात आलेले थ्री-बॉल, इथे पीजीटीआयचे निकाल दर आठवड्याला वाचणारा माणूस कंपनीच्या पुढे असतो. अहलावत २०२४ ला पीजीटीआयच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे वर्षाच्या क्रमवारीत, पहिला आला आणि युरोपियन टूरचं (आता डीपी वर्ल्ड टूर) कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क, मिळवून गेला. तशी माणसं कार्ड मिळायच्या आधी ओळखता आली पाहिजेत, नंतर ती सगळ्यांनाच दिसतात.

चौरसियाचं उदाहरण मला याहूनही जवळचं आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या हिरवळी राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. टोलवून लांब मारणारा नव्हे. आखूड फटक्यांत, म्हणजे चिप आणि पटमध्ये, इतका तरबेज की "चिपुत्सिया" असं टोपणनाव पडलं. युरोपियन टूरवर चार स्पर्धा जिंकला, चारही भारतात, दोन दिल्ली गोल्फ क्लबवर आणि दोन डीएलएफवर. जगभरच्या आकडेवारीतून काढलेला त्याचा सरासरी दर्जा आणि इथला दर्जा यांत मॉडेलला न दिसणारी फट होती, आणि ती फट वर्षानुवर्षं भावात तशीच राहिली. घरचं मैदान म्हणून नव्हे, तर इथे लांब मारण्याचा फायदा कमी आणि चुकल्याची शिक्षा मोठी म्हणून.

दिल्ली गोल्फ क्लबवर हे टोकाला जातं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली. दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती, मधली पट्टी अरुंद. रॉरी मॅकिलरॉयने ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायची काठी, पिशवीत ठेवलाच नाही. त्याच्या दर्जातला केवढा मोठा भाग त्या एका काठीचा आहे! ती काठी बाहेर ठेवली की तो आधीच्या भावाचा माणूस राहत नाही, पण नावावरचा पैसा काही थांबत नाही. जिंकला टॉमी फ्लीटवूड, बावीस अंडर, आणि दुसरा पुन्हा नाकाजिमा. डीएलएफवर २०२४ ला पहिला, २०२५ ला दुसरा, आणि दिल्लीत दुसरा. अशा नोंदी बघून लोक झेप घेतात. मी घेतो, पण अर्धीच: तीन आठवडे म्हणजे फक्त बारा फेऱ्या, आणि वर सांगितलेले हेलकावे बारा फेऱ्यांतही पुरते शांत होत नाहीत.

वेळापत्रकाचं थोडक्यात. पहिले दोन दिवस अर्धे खेळाडू गुरुवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी खेळतात, उरलेले उलट. मार्चअखेरीला दिल्लीकडे सकाळ शांत, दुपारी गरम वारा आणि वाळलेल्या हिरवळी. दोन्ही गटांना एक सकाळ, एक दुपार मिळते खरी, पण एका दुपारी वारा सुटला आणि दुसरीला नाही, तर एका गटाचे दोन फटके जातात. कट, म्हणजे दोन दिवसांनंतर कोण पुढे खेळणार याची रेषा, साधारण पहिल्या ६५ आणि बरोबरीतल्यांवर असतो, तिथे दोन फटके म्हणजे घर गाठणं किंवा शनिवार बघणं. म्हणून गटांची यादी आणि हवामानाचा अंदाज हाती आल्याशिवाय मी विजेत्यावर काही लावत नाही. गुरुवारचे थ्री-बॉलही त्यानंतरच. प्लेऑफ झाला तर तो विजेत्याच्या पैजेत धरतात, शेवटच्या दिवसाच्या थ्री-बॉलमध्ये नाही.

चालू खेळावर लावण्याचं मात्र मी तुम्हाला हात जोडून सांगतो, सोडा. गुरुग्रामला पहिला फटका सकाळी सातच्या आसपास पडतो तेव्हा तुमच्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. तुम्ही बघता ते चित्र काही सेकंद जुनं आहे. मैदानावर चालणारा माणूस तो चेंडू भोकात गेलेला आधीच पाहून बसला आहे, आणि तुमच्या समोरचा भाव त्याने कधीच उचलला आहे. नोकरीत असताना मी रात्री तीन वाजताची ग्राहकांची खाती बघायचो. आधीची पैज हरली म्हणून दुप्पट, मग तिप्पट, आणि तीही अशा खेळाडूंवर ज्यांचं नाव त्या माणसाने तासापूर्वी ऐकलेलंही नसणार. त्या नोंदी अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तुमच्या खात्यावर अशी एक जरी रात्र असेल, तर गॅमस्टॉपवर नाव नोंदवा. ब्रिटनमधल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्या तुमच्यासाठी एकदम बंद होतात. मी सांगतो ते बाकीचं सगळं त्यानंतर वाचलं नाही तरी चालेल.

आणखी एक गोष्ट, जी आतल्या माणसाशिवाय कुणी मान्य करणार नाही. तुम्ही खरोखर चांगले भाव घेऊ लागलात की कंपनी तुमची मर्यादा उतरवते. मी स्वतः तशी बटणं दाबली आहेत: हरणाऱ्याला पाचशे पौंडांची मुभा, जिंकू लागलेल्याला चार पौंड. मला ते तेव्हाही पटलं नाही. एक्स्चेंजवर, जिथे माणसं आपसांत पैजा लावतात आणि समोरच्याच्या स्वीकारतात, तिथे हे होत नाही. दावेदारांच्या भावांची बेरीजही तिथे शंभराच्या जवळ असते, फक्त जिंकलेल्या रकमेवर कमिशन जातं. इंडियन ओपनच्या तळाच्या नावांवर तिथे पैसाच नसतो, हा तोटा.

रक्कम किती? तुम्ही बाजूला काढलेल्या आणि गेली तरी घर हलणार नाही अशा पैशाचा शंभरावा हिस्सा थ्री-बॉलवर, दोनशेवा विजेत्यावर. त्याहून जास्त नको, कारण दुष्काळ लांब असतात. समजा तुम्हाला दर आठवड्याला एकाला चाळीस भाव मिळतो आणि त्या माणसाची खरी शक्यता ३५ मध्ये १ आहे. हा फायदा इतका मोठा आहे की मला वर्षात मोजकेच वेळा मिळतो. तरीही पन्नास आठवड्यांत एकदाही न लागण्याची शक्यता २३ टक्के, म्हणजे चारातलं जवळजवळ एक वर्ष कोरडं. त्या वर्षी तुम्ही चुकत नव्हता, पण खात्याकडे बघून ते कळणार नाही.

ते कळायला वही लागते. तारीख, खेळाडू, घेतलेला भाव, तुमच्या मते शक्यता, आणि पहिला फटका पडायच्या क्षणी त्याच पैजेचा शेवटचा भाव. जिंकलं-हरलं हा रकाना सर्वांत शेवटी ठेवा, किंवा मागच्या पानावर. तुम्ही एकाला चाळीसने घेतलेला माणूस सुरुवातीला एकाला तीसवर आला असेल, आणि हे पन्नासातल्या तीस पैजांत होत असेल, तर तुम्हाला भाव वाचता येतो. तो दर वेळी पन्नासवर जात असेल, तर खेळ कितीही कळत असला तरी तुम्ही कंपनीचे लाडके ग्राहक आहात. पुढच्या इंडियन ओपनला विजेता सोडा. फक्त भारतीयांचे थ्री-बॉल आणि "सर्वोत्तम भारतीय", एकेक पौंडाने, वहीसकट. पन्नास ओळी भरल्या की मला पाठवा, मी शेवटच्या भावाचा रकाना आधी बघेन.